जाताना उतरणारा सूर

मी इथलीच, पनवेलची, खाडीकडच्या गावातली. बापूस माजा मिठागरावर राबायचा आन हळदी-लग्नात बेंजो पार्टी घेऊन जायचा, पार्टी त्याचीच, ट्रंपेट तोच वाजवायचा. मना भाऊ नाय, मंग मीच शिकले. आयस बोलायची, गाल फुगवून बसतेस, तुला कोन करील, आन बगा, ढोलवाल्यानंच केली.

तर काय सांगू तुमाला, बाबाचे गुडघे गेले, टेम्पोत चढवंना, तवा ट्रंपेट माज्या हातात आला. आमच्यात रीत हाय, लग्न वाजवून येताना गावदेवीसमोर टेम्पो थांबवायचा नाय, पन जाता जाता एक लांब सूर देवीला द्यायचा. ड्रायवर तर सुसाटच हाणायचा. बाबा देवळाच्या पायरीवर बसून ऐकायचा. दोन-चार लग्नं झाली आन बोलला, देवीसमोरून गेलीस की तुजा सूर उतरतो, दम पुरत नाय तुला, मी दुसरा वाजवनारा बगतो. मी बोलले, नाय उतरत. तो बोलला, माजे कान अजून शाबूत हायेत. मना रडूच आलं, खरं सांगते, ट्रंपेट गेला तर मी काय करू, दुसरं काय येतंय मना?

नवरा बोलला, भांडू नको, म्हाताऱ्याला टेम्पोत घाल. खुर्चीसकट चढवला, शिव्या घालत व्हता. बाजूला बसून मी सूर धरला, देऊळ मागं गेलं, वळण गेलं, सूर तसाच. बाबानं मागं वळून देवळाकडं बगितलं. मंग बोलला, आता तू पायरीवर उभी राहून वाजव, मी टेम्पोतून जातो. मी जागची हलले नाय, तरी देऊळ मागं पडलं तसा त्याला सूर उतरलेला ऐकू आला. हसत हसत परत आला. जन्म गेला टेम्पोत, बाहेरून त्यानं कदी ऐकलंच नव्हतं.

माजी पोरगी शिकते, ती सांगते, जवळ येताना आवाजाच्या लाटा दाटतात, लांब जाताना पांगतात, म्हणून चढतो-उतरतो. असंल.

आता पार्टी मीच चालवते. बाबा अजून पायरीवर बसतो. सूर उतरला की देवळामागच्या घरात आयसला हाक मारतो, पोर आली, चाय ठेव. गावदेवी त्याला अशीच हाक मारायला ठेवो, दुसरं काय मागू.