गाडीले पाणी

आवो साहेब, हात नोका लावू त्या झाकणाले! रुमाल गुंडाळला म्हणून काय झालं — वाफ काय रुमाल पाहून थांबते? बसा इथं बाकावर. अमरावती काही पळून नाही चालली. पार्बताबाई म्हणतात मले, चहा घ्या तवरिक. सासऱ्याची गाडी हाय ना? — कसं वयखलं? आपली असती तं मूर्तिजापुरातच उतरून समोरची जाळी पाह्यली असती तुमी. कापसाच्या बैलबंड्यायमागून आले, सारी रुई जाळीत बसली, एक उशी भरन! वारा शिरन कुठून? — नाही, थंड पाणी आता नाही टाकाचं. तापल्या लोखंडाले भेग पडते. तापल्या तव्यावर पाणी मारून पाह्यलं नसन तुमी — घरी बायको हाय, नाही का.

पंप कुठं हाय म्हणता? ह्या जुन्या गाडीले पंपच नाही, साहेब. इंजिनाभोवती पाणी असते. तापलं का हलकं होते, आपोआप चढते, वरच्या नळीतून जाळीत येते — जाळीतून उतरता उतरता पंख्याच्या वाऱ्यानं निवते — निवलं का जड झालं, खालच्या नळीतून पुन्हा इंजिनात. ना कोणी ओढणारं, ना ढकलणारं. फक्त पाणी वरच्या नळीखाली उतरू द्याचं नाही. उतरलं का फेरा तुटला, अन् गाडी तुमच्यासारखी रस्त्यात फुसफुस करते. हासा, हासा. चहावालीले हे कसं ठाऊक, असंच ना?

माहा नवरा देवमन आता एस.टी.वर हाय, पण तवा सरकी काढाच्या एका जिनात ड्रायव्हर होता. जिनाच्या आवारात शेठची अशीच एक गाडी सडून राहिली होती. छप्पनच्या दसऱ्याले नागपुरात दीक्षा, तं त्यानं महिनाभर खपून ते चालू केली अन् शेठले दोन दिवसासाठी मागतली. शेठ हासला — म्हणे, ने, बैल सोबत ठेव! नऊ माणसं बसलो आमी — मी नवी नवरी, सासू गंगूबाई, बाकी शेजारचे. पण जिनातली गाडी — जाळीत रुईच रुई. तिवस्याच्या पुढं तापली. कोणतं गाव थे नाही सांगत. रस्त्याले लागून हीर, अन् हिरीवर एक जण बालटी घेऊन. आमाले पाहून म्हणे, तिथंच थांबा. मी तवाही अशीच तोंडाची — म्हणलं, दादा, पाणी आमाले नाही, गाडीले पाह्यजे. गाडी शेठची हाय, शेठची जात तं चालते ना तुमाले? — बिचारा इचारात पडला! शेवटी आला बालटी घेऊन, आपल्या हातानं ओताले. तं देवमन म्हणे, थांबा, इंजिन निवू द्या. अर्धा घंटा थो माणूस बालटी धरून उभा, अन् देवमन त्याले समजावून राहिला — तापलं का वर, निवलं का खाली. थो माना हालवे, जसा काही शाळेत बसला. मंग धार सोडली. गाडी पोटभर पेली. आमी नऊ जण पाहून राहिलो. बालटीत उरलेलं त्यानं मातीत ओतलं, बालटी पालथी केली अन् गेला.

सकाळपासून घोट नव्हता कोणाच्या पोटात. कोसभर गेलो, तं सासूले चक्कर आली. देवमननं गाडी थांबवली, अर्धा घंटा निवू देल्ली, मंग जाळीखालची तोटी सोडली — लोटाभर काढलं. लाल, जंगाचं, कोमट, वर तेलाची चकाकी. नोको माय, म्हणलं मी. तिनं डोये मिटले, अर्धा लोटा पेली, पदरानं तोंड पुसलं अन् अशी हासली — म्हणे, "पेलीच ना मी त्यायच्या हिरीचं पाणी!" आमी सारे हासलो. देवमन तेवढा नाही हासला. थो चाकापाशी बसून रडला, लेकरावानी.

— हे मी काहून सांगून राहिली तुमाले? माह्या पोराईलेही नाही सांगतलं आजवर. दुसऱ्या दिवशी पोट धरून उभी होती म्हातारी, पांढरं लुगडं नेसून, त्या लाखो माणसात. बस म्हणलं, तं बसली नाही. म्हणे, आज नाही बसाचं.

आता मान काहून खाली घातली? तुमी थोडेच होते तिथं. द्या तो कप इकडं. निवली पाहा गाडी. आधी ते रुई काढा, इंजिन चालू करा, मंग हळू धार सोडा. — नाही, काही बोलू नोका. जा.