खापरपणजोबांची जागा

मुलीचे वडील : म्हणजे फौजेची डावी बगल या दातांच्या दवाखान्यात होती म्हणता?

गाईड : दवाखाना पहिल्या मजल्यावर आहे, काका. बगल तळमजल्यावर होती. आता तिथं झेरॉक्स काढून मिळतात. पुढं या, गाड्या बघून. फौजेला इथं रस्ता ओलांडावा लागत नव्हता.

मुलाचे वडील : आम्हाला डावी बगल नकोच आहे. तिकीट काढतानाच मी सांगितलं होतं, फक्त मधली फळी दाखवा.

गाईड : मधली फळी शेवटी येते. रणभूमीच्या फेरीचा क्रम ठरलेला आहे. आधी तोफा, मग डावी बगल, मग स्वच्छतागृह, मग मधली फळी.

मुलीचे वडील : घेऊ द्या हो व्याही त्यांना क्रमानं. लढाई कधीच संपलीय. आपल्याला उशीर झाला म्हणून निकाल बदलायचा नाही.

मुलाचे वडील : आपण अजून व्याही झालेलो नाही.

मुलीचे वडील : झालोच म्हणा. पोरांनी ठरवलंय, पोरांच्या आयांनी ठरवलंय. आपल्या दोघांना कुणी काही विचारलेलंही नाही. फक्त लग्नाच्या हॉलचं तेवढं विचारलंय.

मुलाचे वडील : हॉलचं विचारलंय ना, मग हॉलचं सांगतो. आमचे खापरपणजोबा लढाईत जिथं पडले, तिथं मी बँड वाजवू देणार नाही.

गाईड : कोणत्या बाजूनं होते?

मुलाचे वडील : हरलेल्या.

गाईड : इथं येणाऱ्या सगळ्यांचे हरलेल्याच बाजूनं असतात. जिंकलेल्यांचं कुणी फिरकत नाही.

मुलीचे वडील : आमचं कुणी कोणत्याच बाजूनं नव्हतं. आमचे लोक त्या दिवशी काय करत होते कुणालाच माहीत नाही. बहुतेक जेवून आडवे झाले असतील.

गाईड : मग तुमची अडचण काय?

मुलीचे वडील : सांगतो. ती पिवळी इमारत दिसली? दुसऱ्या मजल्यावर दोरीवर चादर वाळतेय, ते आमचं घर. आत आमची आई आहे. नव्वदीला आलीय. डॉक्टर म्हणाले, यापुढं गाडीत घालायचं नाही, पाठ सोसणार नाही. चाकाच्या खुर्चीतून फार तर रस्त्यापलीकडं न्या. आता रस्त्यापलीकडं काय आहे?

गाईड : हॉल.

मुलीचे वडील : हॉल. माझी मुलगी तिनंच वाढवली. आम्ही दोघं नोकरीवर, घरात आजी आणि नात. लग्न दुसरीकडं कुठं काढलं, तर आईला ते मोबाईलवर बघावं लागेल. मोबाईलवर तिला माणसं कळत नाहीत. मागं भाच्याच्या लग्नात तिनं फोटोग्राफरला भरभरून आशीर्वाद दिला. त्याचं पुढं चांगलंच झालं म्हणा.

मुलाचे वडील : तुमच्या आईंबद्दल मला आदर आहे. पण जागा ती जागा.

मुलीचे वडील : म्हणून तर आलो ना बघायला. हे चष्म्याचं दुकान चालवतात, बरं का ताई. बारीक बघायची सवय आहे. आता मला सांगा, फळी म्हणजे चांगली लांबलचक असणार. एका टोकाला हॉल. दुसऱ्या टोकाला?

गाईड : पेट्रोलपंप.

मुलीचे वडील : झालं तर मग. पंपाकडं पडले असतील.

मुलाचे वडील : पंपाकडं घोडदळ होतं. आमचे नालबंद होते. घोड्यांना नाल ठोकायचे.

गाईड : नालबंद फळीत नसत, काका. ते मागं असत, सामानाबरोबर. मागं म्हणजे ते सुपरमार्केट. त्याचं पार्किंग धरून.

मुलीचे वडील : बघा. पार्किंगला काय हरकत आहे? मोकळी जागा, वर छप्पर, रखवालदार आहे.

मुलाचे वडील : मागं पडले म्हणजे पळताना पडले. आमच्यात कुणी पळालं नाही. एका स्वाराच्या घोड्याचा नाल निघाला, म्हणून ते हातोडी घेऊन पुढं गेले. घरात असंच सांगतात.

मुलीचे वडील : भर लढाईत?

मुलाचे वडील : गिऱ्हाईकानं बोलावलं तर जावं लागतं.

मुलीचे वडील : मग आणखी पुढं घेऊ त्यांना. मागं नको ना? पुढं घेऊ. जितकं पुढं तितका पराक्रम. हॉल ओलांडला की समोर काय येतं, ताई?

गाईड : बनियनचं शोरूम.

मुलाचे वडील : नको.

मुलीचे वडील : त्याच्या शेजारी?

गाईड : बँकेचं एटीएम. पण तिथं शत्रू होता.

मुलीचे वडील : शत्रूत घुसून पडले. याहून चांगलं काय हवं? अहो, मी जन्मभर बसचे थांबे ठरवले. प्रत्येकाला थांबा जवळ हवा असतो आणि स्वतःच्या दारासमोर नको असतो. तक्रार आली की मी जाऊन बघायचो, खांब उपटायचा, जरा पुढं रोवायचा. पहिले चार दिवस आरडाओरड. मग लोक शपथेवर सांगतात, थांबा पहिल्यापासून इथंच आहे.

मुलाचे वडील : आमचे खापरपणजोबा म्हणजे बसथांबा नव्हे.

मुलीचे वडील : तसं नाही म्हणायचं मला.

मुलाचे वडील : तसंच म्हणालात. मघापासून तुम्ही त्यांना गावभर फिरवताय. पार्किंगमध्ये नेलंत, शोरूममध्ये नेलंत, आता पैसे काढायच्या यंत्रापाशी उभं करताय.

मुलीचे वडील : चुकलं. सवयीचा दोष.

गाईड : इकडून आत या. हॉल रिकामा असला की बघू देतात. ही मधली फळी. या ठिकाणी दुपारपर्यंत तुंबळ युद्ध झालं. भिंतींना हात लावू नका, रंग ओला आहे.

(रिकामा हॉल. भिंतीकडेला प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या चळती.)

मुलाचे वडील : ही.

मुलीचे वडील : काय ही?

मुलाचे वडील : ही जागा. या खांबाच्या अलीकडं.

मुलीचे वडील : इतकी नेमकी? कशावरून?

मुलाचे वडील : बाबा इथं उभे राहायचे. लढाईच्या दिवशी दरवर्षी मला घेऊन यायचे. तेव्हा हॉल नव्हता, नुसतं गवत होतं. चपला बाजूला काढायचे आणि उभे राहायचे. एक शब्द बोलायचे नाहीत. एरवी घरात त्यांचं तोंड मिटत नसे.

मुलीचे वडील : त्यांना कुणी दाखवली ही जागा?

मुलाचे वडील : आजोबांनी.

मुलीचे वडील : हीच?

मुलाचे वडील : आजोबा विहिरीपाशी उभे राहायचे.

गाईड : विहीर पंपाच्या जागी होती. बुजवली.

मुलाचे वडील : हो. पंप आला. बाबा तिथं जाऊन उभे राहिले, तर पंपावरचा माणूस विचारायला लागला, गाडी कुठंय तुमची? पुढच्या वर्षी बाबा कोपऱ्यावरच्या शाळेच्या मैदानात उभे राहिले. तिथं पोरांचा चेंडू लागला. मग इथं.

मुलीचे वडील : (खुर्च्यांची एक चळत सरळ करू लागतात.)

मुलाचे वडील : बोला की. तुम्हाला काय म्हणायचंय ते मला कळतंय.

मुलीचे वडील : मी काहीच म्हणत नाहीये.

मुलाचे वडील : जीभ चावून गप्प बसलाय तुम्ही.

मुलीचे वडील : बसलोय. पण गप्प बसलोय ना?

मुलाचे वडील : खापरपणजोबांचं मला काय ठाऊक असणार हो? आमच्या चुलत्यांकडं सांगतात, ते नालबंद नव्हतेच, तोफखान्यात होते. मला बाबा ठाऊक आहेत. हॉल झाला त्या वर्षी ते बाहेर कुंपणाला धरून उभे राहिले. आत कुणाचंतरी लग्न चाललं होतं. आतल्या एका माणसाला वाटलं हे पाहुणेच, म्हणून तो त्यांना हाताला धरून जेवायला घेऊन चालला. बाबा हात सोडवून घरी आले. परत इकडं आलेच नाहीत.

मुलीचे वडील : तुम्ही हे आधी का नाही सांगितलंत?

मुलाचे वडील : खापरपणजोबांचं सांगितलं की लोक ऐकून घेतात. बाबांचं सांगितलं तर म्हणतील, त्यात काय एवढं.

मुलीचे वडील : मी नसतो म्हणालो.

मुलाचे वडील : तुम्ही त्यांना एटीएमपाशी नेलं असतंत.

मुलीचे वडील : नेलं असतं. खोटं कशाला बोलू? बरं, ऐका. हॉल राहू दे. स्टेशनजवळचा दुसरा एक रिकामा आहे, तो बघू. आईला मी सांगतो.

मुलाचे वडील : काय सांगाल?

मुलीचे वडील : लांब आहे म्हणून सांगेन. ती म्हणेल, बरं. हल्ली ती सगळ्याला बरंच म्हणते. पोरगी तयार होऊन आधी तिच्यापुढं उभी राहील, मग आम्ही निघू. शेजारीण बसेल तिच्याजवळ.

गाईड : फेरी इथं संपते. बाहेरचा रस्ता डावीकडं.

मुलाचे वडील : जरा थांबा, बाई. इथं लग्न असलं की जेवण कुठं असतं?

गाईड : वर, गच्चीवर.

मुलाचे वडील : आणि स्टेज?

गाईड : त्या तिकडच्या भिंतीला.

मुलाचे वडील : म्हणजे इथं काय असतं?

गाईड : इथं खुर्च्या मांडतात. म्हातारी माणसं बसतात.

मुलाचे वडील : नाचतंबिचतं कुणी?

गाईड : ते पुढं. इथं पंखा आहे, म्हणून इथं नुसती झोपतात.

मुलाचे वडील : तुम्ही आईंची खुर्ची कुठं ठेवणार होता?

मुलीचे वडील : दाराशी. ने-आण करायला सोपं.

मुलाचे वडील : दाराशी येणारे-जाणारे धक्के मारतील. काढा बरं त्यातली एक खुर्ची. इथं ठेवा. इथं, खांबाच्या अलीकडं.

मुलीचे वडील : अहो, पण ही तर...

मुलाचे वडील : ठेवा. मी बसून बघतो.

मुलीचे वडील : चपला कशाला काढताय? फरशी गार आहे.

मुलाचे वडील : असू दे. आता तुम्ही नवरी उभी राहील तिथं जाऊन उभे राहा.

मुलीचे वडील : मी?

मुलाचे वडील : मग कोण, या बाई? त्यांची ड्युटी आहे. जा. आणखी थोडं आत. हं. पोट आत घ्या.

मुलीचे वडील : ते यापेक्षा आत जात नाही. दिसतंय का?

मुलाचे वडील : तुम्ही अर्धेच दिसताय. खांब आड येतोय.

मुलीचे वडील : अर्धं तर अर्धं. आईला नात ओळखू येईल तेवढ्यावर.

मुलाचे वडील : नव्वदीच्या डोळ्यांना अर्धं काय दिसणार? चष्मा कुठला आहे त्यांचा? पाठवून द्या माझ्याकडं. आणि या इकडं, खुर्ची जरा त्या बाजूला घ्यायला हात लावा.

मुलीचे वडील : त्या बाजूला घेतली तर जागा सुटेल, व्याही.

मुलाचे वडील : सुटू दे. नवरी पूर्ण दिसली पाहिजे.