तळाची राख

नमुने तपासायला द्यायच्या रांगेत माझ्यापुढे नवरा-बायको होते. तिच्या हातात कारखान्याची चिठ्ठी लावलेली राखेची बरणी होती.

“अगं, साहेबांनी ढिगाच्या वरची राख आणायला सांगितली होती ना?”

“वरची धुऊन निघते, अहो. शिसं झिरपून तळाला बसतं. म्हणून तळाची आणली.”

“सगळे वरचीच देतात.”

“देऊ देत. नमुन्याच्या कागदावर सही माझी असते.”

“आणि नोकरी गेली म्हणजे?”

“गेली तर गेली. राखेतून निघालेलं शिसं विकताना साहेब ग्रॅमग्रॅम तोलतात. राखेत उरलेलं कोणी तोलायचं?”

“त्या राखेच्या फरशा होतात. कोणी खात नाही.”

“बालवाडीच्या अंगणात बसणार आहेत त्या. आपली चिमी बघता ना? फरशीवरचा हात थेट तोंडात.”

“साहेबांशी वाकडं घेऊन कोणाचं भलं झालंय?”

“त्यांना तोंडावर सांगून आलेय. आणखी दोनदा धुवा, मग सही करते.”

“आणि पिशवीत ही दुसरी बरणी कसली?”

“साहेबांनी आपल्याला फुकट फरशा दिल्या होत्या ना? आपल्या अंगणातल्या एका फरशीचा कोपरा कुटून आणलाय.”

खिडकीतून आवाज आला, “चला, पुढचा नमुना.”

नवऱ्यानं पिशवीत हात घातला.

“आधी ही घ्या.”