ओसाकाला न केलेला फोन

विनिता : ताई, दार बंद आहे हो! तीनदा वाजवलं. आठ पोरी गल्लीत उभ्या आहेत आणि सगळ्या माझ्याकडे बघतायत.

स्मिता : सरकतं लाकडी दार ना? वर निळा कपडा टांगलाय का?

विनिता : कपडाबिपडा काही नाही.

स्मिता : मग दुकान उघडलेलं नाही. कपडा लावला की उघडलं समजायचं.

विनिता : तुम्हाला कसं माहीत? तुम्ही ओसाकाला आलाच नाहीत ना कधी?

स्मिता : नाही आले. नऊ वर्षं दुबईत देरातल्या ह्याच ऑफिसात, ह्याच खुर्चीवर बसून ओसाकाच्या टूर बांधतेय. गल्लीत शिरताना डावीकडे सुऱ्या विकणारा लागला असेल. त्याच्या पायरीवर मांजर.

विनिता : अय्या, मांजर आहे खरंच!

स्मिता : असणारच. त्या मांजराला मी तुझ्याआधीपासून ओळखते.

सान्वी : विनिता दी, इज इट हॅपनिंग ऑर नॉट? वी आर फ्रीझिंग हिअर!

विनिता : दोन मिनिटं, सान्वी. यल्ला, चला, सगळ्या तिकडे उन्हात उभ्या राहा. मी ऑफिसशी बोलतेय.

स्मिता : नवरीबाई वैतागली वाटतं.

विनिता : वैतागणार नाही तर काय? पुढच्या महिन्यात लग्न, मैत्रिणींना घेऊन आलीये ती मुळात ह्या किमोनोसाठी. कालपर्यंत काय खूश होत्या सगळ्या! बोट झाली, कॅराओके झालं, मी पण गायले...

स्मिता : बघितलं. स्टेटस टाकलंस ना. केस उडतायत, मागे दिवे, हातात ते भजीसारखं काहीतरी. तीनदा बघितलं मी.

विनिता : आवडलं?

स्मिता : नाही.

विनिता : बरं. ते राहू दे. किमोनोवाल्या आजींना फोन लावता का प्लीज? बुकिंग आज दोनचंच आहे ना?

स्मिता : दोनचंच आहे. पण नोरिकोसान नुसत्या बुकिंगवर दार उघडत नाही. एकटी बाई आहे, सत्तरी उलटली. आठ जणींचे किमोनो काढायचे, पट्टे काढायचे, त्याला सकाळ जाते तिची. म्हणून आदल्या दिवशी फोन करून पक्कं सांगावं लागतं. प्रत्येक ग्रुपच्या वेळी तो फोन मी करते.

विनिता : मग काल केला असेल ना?

स्मिता : त्या पोरी उन्हात गेल्या का?

विनिता : ताई?

स्मिता : नाही केला.

विनिता : विसरलात? असू दे हो, होतं कधीकधी.

स्मिता : मी विसरते कधी? अलार्म लावला होता. वाजला, बंद केला, आणि इथला करक चहा घेऊन तुझं बोटीतलं स्टेटस बघत बसले.

विनिता : म्हणजे... मुद्दाम?

स्मिता : हो. मुद्दाम.

विनिता : शी! ताई, तुम्ही? माझी पहिली टूर आहे ही! ह्या मुलींनी सरांकडे तक्रार केली तर खलास, माझी नोकरी गेली!

स्मिता : माहीत आहे. तेच मनात होतं. एकदा तुझं फसू दे म्हटलं.

विनिता : पण का? मी काय वाकडं केलं तुमचं?

स्मिता : सान्वीच्या आईचे बावीस फोन कोणी घेतले? मी. कुणाला मासा चालत नाही, कुणाला वरचा बेड नको, सगळं कोणी लिहून घेतलं? मी. ह्या वेळी जाणार पण मीच होते. नवऱ्याने, संजयने, रोल्लाच्या बाजारातून नवी बॅग आणून दिली होती मला. आणि आयत्या वेळी डेन्झिल सर म्हणतात, "स्मिता, तरुण पोरी आहेत, त्यांना यंग कंपनी पाहिजे. आणि तुझे गुडघे." माझे गुडघे! आजवर माझे गुडघे कधी दिसले नव्हते त्यांना.

विनिता : हे सरांना बोलायचं होतं ना! राग माझ्यावर का?

स्मिता : सरांसमोर तोंड उघडत नाही माझं. तू समोर बसतेस. तुझी बॅग भरताना मीच तुला सांगत होते, मोजे जास्त घे. मोजे सांगत होते आणि आतून नुसती जळत होते.

विनिता : मला कळत होतं. तुम्हाला जायचं होतं, दिसत होतं. तरी मी हो म्हटलं. तुम्ही माझ्या जागी असता तर नाही म्हटलं असतं?

स्मिता : ओसाकाला? छे! उडीच मारली असती. म्हणून तर जास्त राग येतो. तुला धड दोष पण देता येत नाही. ठेव आता, मी तिला फोन लावते. पाया पडते म्हणावं लागलं तरी चालेल. तोवर त्या पोरींना कोपऱ्यावर गरम काहीतरी पाज.

विनिता : थांबा, थांबा. आत कोणीतरी आहे.

(फोनवर दार सरकल्याचा आवाज, मग मुलींचा गलका.)

विनिता : ताई, उघडलं! आजीच आहेत. अहो, किती वाकतायत! मी पण वाकतेय, फोन पडेल आता... ताई, त्या मला स्मितासान म्हणतायत.

स्मिता : काय?

विनिता : माझा हात धरलाय आणि स्मितासान, स्मितासान. डोळ्यात पाणी आहे हो त्यांच्या. थांबा, मोबाइलवर बोलतायत, त्यातून इंग्लिश येतंय. म्हणतायत, "जानेवारीत तू लिहिलंस, ह्या वेळी मी स्वतः येते."

स्मिता : लिहिलं होतं. तेव्हा मीच जाणार होते ना.

विनिता : "काल तुझा फोन आला नाही. तू कधी चुकत नाहीस. तेव्हाच मला कळलं, स्मितासान विमानात बसली. म्हणून पहाटेपासून आतल्या खोलीत सगळं काढून ठेवतेय, दार वाजलेलं ऐकूच आलं नाही."

स्मिता : अगं बाई...

विनिता : ताई, रडताय का?

स्मिता : हो. शेजारच्या टेबलावरची अजरा बघतेय. तू बोल, मी ऐकते.

सान्वी : ओ माय गॉड, दीज आर गॉर्जस! दी, व्हाय इज शी कॉलिंग यू स्मिता?

विनिता : सांगते, तू आत जा आधी. ताई, एक किमोनो वेगळा ठेवलाय. जांभळा, बारीक पांढरी फुलं. माझ्या खांद्याला लावून बघतायत. आखूड होतोय मला. त्या गोंधळल्यात, पुन्हा पुन्हा माप बघतायत.

स्मिता : पाच फूट एक. मेलवर विचारलं होतं तिने. मला वाटलं, सहज विचारतेय.

विनिता : आता काय करू? एवढं मनापासून केलंय. घालू का मी, स्मिता म्हणून? दोन तासांचा तर प्रश्न आहे.

स्मिता : नको.

विनिता : त्यांना वाईट वाटेल हो.

स्मिता : वाटू दे. खरं सांग. मी विनिता, स्मिता दुबईतच राहिली.

विनिता : आणि फोनचं?

स्मिता : ते मी सांगेन. संध्याकाळी मेल करते, सगळं लिहिते. तू मुलींना नीट नेसव, फोटो काढ, हवं तर स्टेटसही टाक. बोट तुझी, गाणी तुझी, पोरी पण तुझ्याच. पण तो जांभळा अंगाला लावू नकोस, विनिता. घडी करून ठेवायला सांग.

विनिता : सांगते. कधीपर्यंत ठेवा म्हणू?

स्मिता : तारीख नको सांगूस. नुसतं ठेवा म्हण.