एका क्लिकमध्ये सर्व

नाही, ते बटण डावीकडून तिसरं नव्हतं, चौथं असेल — हे बघा, इथेच घोळ आहे, मला नीट आठवत नाही आणि तुम्ही मला शपथेवर लिहून द्या म्हणताय. एकवीस वर्षं झाली, बाई. काल काय जेवलो तेही छातीठोकपणे सांगता यायचं नाही मला. आणि डॉक्टर-डॉक्टर करू नका, मी गणितातला डॉक्टर, या सोसायटीत अजून लोक मला गुडघे दाखवायला येतात. बसलात ना? बसा. चहा मिळणार नाही, मी काही तुम्हाला बोलावलेलं नाही. तुम्ही ॲडव्होकेट आम्रपाली, तुमचे वडील भीमराज चाकणच्या त्या कंपनीत कंत्राटी कामगार, आठ महिने भरत आले की त्यांना ब्रेक, मग महिन्याभराने नव्याने भरती, असं चार वेळा — आहे की हे तुमच्या कागदात पहिल्याच पानावर, मला वाचता येतं. दोनशे चाळीस दिवस भरले की माणूस कायम करा म्हणून भांडायला उभा राहतो, म्हणून भरू द्यायचे नाहीत. ही अक्कल माझी नव्हे. मी हजेरीचं सॉफ्टवेअर केलं. त्यांनी सांगितलं, मी केलं. शिंप्याने पँट शिवली, ती घालून कोणी कुठे गेलं याचा जाब शिंप्याला विचारता का तुम्ही?

कसं करायचो म्हणजे? तुम्हाला कोर्टात सांगायचंय की मला चिडवायचंय? सोपं होतं. पडद्यावर डावीकडे एक पेटी असायची, तिच्यात बटणं, रकाने, याद्या — माउसने उचलायचं, खिडकीवर नेऊन सोडायचं, झालं. मेन्यूसाठी निराळी चौकट, तिथे नावं टाइप करायची, बाण दाबला की नाव एक पायरी आत सरकायचं. अर्ध्या तासात अख्खा टूलबार उभा. मी पीएच.डी. केलेला माणूस, तासन्‌तास बटणं एका रेषेत लावत बसायचो — आवडायचं मला, हो, त्यात काय गुन्हा आहे? तर तुमचं ते 'सेवा खंडित', म्हणजे ब्रेक द्यायचं, आधी मेन्यूत होतं. कामगार, त्याच्या आत सेवा, त्याच्या आत खंड. मग नाव शोधा, तारीख टाका, कारण निवडा, जतन करा. की पुढचा माणूस. टाइम ऑफिसला साधनाताई होत्या, त्या शनिवारी दुपारी हे करत बसायच्या. आणि त्यांच्याकडून माणसं सुटायची. दर खेपेला दोन-तीन. कशावरून म्हणजे? देखभालीला मीच जायचो ना, यादी उघडली की दिसायचं — दोनशे पंचेचाळीस, दोनशे साठ, आकडे पुढे गेलेले. त्यातले काही पुढे कायमही झाले, असं ऐकलं. म्हटलं, साधनाताई, ही नावं राहिली की. तर म्हणाल्या, राहिली का? राहू द्या सर, डोळे दुखतात हो माझे. डोळे दुखतात! मी ते खरं धरलं. का नाही धरणार? माणूस थकतो म्हणजे मांडणी चुकली, हे मी कॉलेजात मुलांना पाच वर्षं शिकवत होतो. मला वाटलं, दोष माझ्या मेन्यूचा आहे. त्या बाईंना किती क्लिक करावे लागतात!

काय बघताय अशा? मला कळत नव्हतं. आत्ता कळतंय म्हणून तेव्हा कळत होतं असं होत नाही — की होत होतं? नाही. नव्हतं. मी ऑफिसात आलो, चिंचवडला शेड होती माझी, आणि ते आतून उचलून टूलबारवर आणलं. छपाईच्या बटणाशेजारी जागा मोकळी होती, पडलेल्या दातासारखी दिसायची. चित्रही मीच काढलं. सोळा उभे, सोळा आडवे चौकोन, एकेक रंगवायचा. माणूस काढून पाहिला, डोकं केलं की पाय उरेनात. मग नुसतं दार काढलं, अर्धवट उघडं. दाबलं की दोनशे तीसच्या पुढची सगळी नावं आपोआप निवडली जायची, एकदा 'हो' म्हणायचं, संपलं. वर माउस नेला की पिवळी पट्टी यायची — 'एका क्लिकमध्ये सर्व'. तेही माझंच. साधनाताईंना मोठ्या हौसेने दाखवलं. त्या म्हणाल्या, सर, हे परत आत नाही का ठेवता येणार? मी म्हटलं, होईल सवय. तुमचे वडील? पाहिलंय मी त्यांना. एकदाच. टाइम ऑफिसच्या खिडकीतून वाकून म्हणाले, 'सायेब, ह्या डब्यात आमचं नाव हाय का न्हाई?' मी काढून दाखवलं. खूश झाले. 'घरी सांगतो, टीव्हीवर आलो म्हणून!' तेव्हा त्यांच्या नावापुढे दोनशे एकतीस होते. साधनाताईंच्या हातात असतं तर — जाऊ द्या. रडू नका इथे. मला चालत नाही.

पेन खाली ठेवा. सही करणार नाही असं मी म्हटलेलं नाही. हे सगळं लिहा — दार लिहा, पिवळी पट्टी लिहा, दोनशे एकतीस लिहा, करतो सही. फक्त हे दोन शब्द खोडा. 'व्यवस्थापनाच्या सूचनेवरून'. हे. का म्हणजे, मी सांगतोय म्हणून! काय? मग कंपनी हात झटकेल? म्हणेल, आम्हाला काय ठाऊक, सॉफ्टवेअरवाल्याने केलं? म्हणू द्या ना. तुमच्या वडिलांनी एकवीस वर्षं तारखा घेतल्या, पुढच्या सोमवारी शेवटची, आणि सगळं या दोन शब्दांवर अडलंय, ते कळतंय मला, मूर्ख नाही मी. खोटं कसं लिहू? बघा, उचललात ना कागद! आता तुम्हालाच नको मी. मला भित्रा म्हणा, कंपनीचा माणूस म्हणा, खाली जाऊन वॉचमनलाही सांगा. लिफ्ट बंद आहे, जिन्याने उतरा आणि पुन्हा येऊ नका. ऑफिस बंद केलं त्या वर्षी त्या कंपनीच्या मागण्यांची मूळ फाइल सापडली मला — अठरा कलमं, खाली मॅनेजरची सही, शिक्का. दोनदा वाचली. तरी खात्री वाटेना, म्हणून साधनाताईंना फोन करून विचारलं. ते बटण कोणीही मागितलेलं नव्हतं.