रेशमी साडीतली गरीब बाई

— आणि ती शाल टेबलावर ठेवू नका, हातातच असू द्या. परत नेताना सोपे जाईल. 'आदर्श शिक्षिका' म्हणून माझा सत्कार! मी निवृत्त होऊन एक तप उलटले, आणि तुमच्या अकोल्याच्या रुग्णालयाच्या ट्रस्टला माझे आदर्शपण आज दिसले? कधी आहे म्हणालात? उद्या सकाळी, इथे अमरावतीत. आणि दुर्गाबाईंच्या तक्रारीची सुनावणी? तीही उद्या सकाळीच — अकोल्याला, धर्मादाय आयुक्तांपुढे. मी साक्षीला नसले की साडी दुर्गाबाईंचीच ठरेल, आणि केमो थांबलेलेच राहील. वकीलसाहेब, कॉपी करणारी मुलेसुद्धा उत्तरात एखादा शब्द बदलतात हो!

हसू नका. धर्मादाय रुग्णालयाने गरिबांसाठी खाटा राखून ठेवायच्या, हा कायदा आहे, उपकार नव्हे. दुर्गाबाई बाजारात भाजी विकतात, पिवळे रेशन कार्ड आहे, स्तनाचा कर्करोग आहे — आणि तुमच्या बाबूंनी काय पाहिले? साडी! 'रेशमी साडी नेसणारी बाई गरीब कशी?' एवढ्यावर सवलत नाकारली, केमो अर्ध्यावर सोडले, वर पुरावा म्हणून त्यांचा फोटो जोडला. अहो, आपल्याकडची बाई मोठ्या दवाखान्यात जाताना साडी मागून नेते, हे तुम्हाला ठाऊक नाही? तुम्ही चांदूर बाजारचे ना? आईला विचारा. दुर्गाबाई याच दारात उभ्या राहून म्हणाल्या, "बाई, एखांदं चांगलं लुगडं द्या ना. फाटक्यात गेलं तं डाक्टर मान वर करून पायत नाही." मी दिले. ब्लाउजही दिला. फोटोत तो त्यांच्या खांद्यावरून ओघळतो आहे — इतके शिकलात, आणि दिसले नाही?

काय म्हणालात? एवढी भारी साडी मी भाजीवालीला दिली, यावर कोण विश्वास ठेवेल? का ठेवू नये? मी तरी ती कुठे नेसणार होते! निरोपसमारंभासाठी घेतली होती. फॉल माझ्या हाताने लावला, भाषण पाठ केले. शाळेत गेले तर मंडप होता खरा — संस्थाचालकांच्या मुलाच्या लग्नाचा. मला शिपायाने फाटकापर्यंत सोडले. शाल नाही, नारळ नाही, कुणी दोन शब्द — असो. तो विषय नाही.

थांबा. हे तुम्हाला आधीच ठाऊक होते? शाळेत चौकशी केलीत? म्हणून नेमकी शालच आणलीत! आणि मी — काल तुमचा फोन आल्याबरोबर शेजारच्या साधनाला सांगून मोकळी झाले, सत्काराला यायचे हं म्हणून! तुमची अक्कल क्षुद्र आहे, वकीलसाहेब, पण नेम चांगला आहे.

उद्या मी अकोल्याला येणार. तीच साडी, तोच ब्लाउज घालून दुर्गाबाईंच्या शेजारी उभी राहणार. तुमचा फोटो बाहेर काढा. ब्लाउज कुणाच्या मापाचा आहे, ते आयुक्तच पाहतील. नेसायला अखेर एक समारंभ मिळाला.

उठा. नारळही न्या. आणि दार हळू ओढा — दुर्गाबाई आत झोपल्या आहेत.