गच्ची बंदची हरवलेली बाजू

आमचं मूळ कणकवलीकडचं, पण मी जन्मले भांडुपला, चाळीत, आणि आयुष्य सगळं याच पट्ट्यात गेलं, घाटकोपरच्या एका शाळेत ग्रंथपाल होते, आता निवृत्त आहे. बाबा गिरणीत, आई घरी. आम्ही दोघं भावंडं, सुहास मोठा, मी मंदा, त्याच्याहून तीन वर्षांनी लहान. तुम्ही सुहासबद्दल ऐकायला आलात हे मला माहीत आहे, पण माझ्याबद्दल आधी एक सांगते, मला गाण्यातलं काही कळत नाही. तेव्हाही कळत नव्हतं. हे लिहून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावरूनच झालं.

ऐंशीच्या दशकात आमच्याकडे ऑर्केस्ट्रा पुष्कळ होते. ते पिक्चरची गाणी वाजवायचे आणि लोकांना तीच हवी असायची. सुहास आणि त्याचे तीन मित्र म्हणायचे, आम्ही आमचीच वाजवणार. आमची म्हणजे ह्यांनीच लिहिलेली, मराठीत, एक फॅक्टरीच्या भोंग्यावर होतं, एक चाळीच्या सामाईक नळावर. सुहास गिटार वाजवायचा आणि गायचाही. अशी टोळकी मुलुंडला, घाटकोपरला आणखी चार-पाच होती, सगळे एकमेकांचे ड्रम उसने न्यायचे आणि परत देताना भांडायचे. ऐकणारे थोडे, पण जे होते ते हट्टी. समोरच्या सोसायटीत विलास राहायचा, सुहासच्या वर्गातला. त्याला स्वतःला काही वाजवता यायचं नाही, पण त्याचे वडील सोसायटीचे सेक्रेटरी, त्यामुळे गच्चीची किल्ली विलासच्या हातात. गच्चीच्या दारावर पाटी होती, गच्ची बंद आहे. त्या पाटीच्या आत ह्यांचा सराव. म्हणून बँडचं नाव पडलं गच्ची बंद. आई म्हणायची, अरे असलं नाव ठेवलंत तर ऐकायला येणार कोण.

त्यांच्या कॅसेटी दुकानात नव्हत्या. दोन टेपरेकॉर्डर समोरासमोर ठेवून घरी कॉपी काढायच्या आणि नावं हाताने लिहायची. पहिल्या बाजूची गाणी अशी कॉपी होऊन पुष्कळांकडे गेली, ती आजही आहेत. दुसऱ्या बाजूचं तसं नाही. एका रविवारी दुपारी एका शाळेच्या हॉलमध्ये त्यांनी एकच लांबलचक गाणं वाजवलं, ते टेप केलं, आणि सुहास म्हणाला ह्यात माझी एक चूक आहे, परत नीट वाजवू, तोवर ही कॉपी कोणाला द्यायची नाही. म्हणून ती कॅसेट एकच राहिली. त्याने तिच्या वरच्या कडेच्या दोन्ही चकत्या तोडून ठेवल्या. चकती तोडली की त्या बाजूवर नवीन काही टेप होत नाही, त्या वेळी शाळेतल्या पोरालाही हे ठाऊक होतं. आणि त्या भोकावर कागद चिकटवला की परत टेप होतं, हेही ठाऊक होतं.

ते परत नीट वाजवायचं राहिलं. गिरण्यांचा संप झाला होता, बाबा घरीच, आणि सुहासला मस्कतला नोकरी लागली. तो गेला, बँडही गेला. काय सांगू तुम्हाला, कोणी भांडलं नाही, कोणी काही जाहीर केलं नाही, विलासने गच्चीची किल्ली वडिलांना परत दिली आणि संपलं.

आता माझं सांगते. त्या काळी आखातात कोणी असलं की घरची माणसं कॅसेटवर बोलून पाठवायची. पत्रापेक्षा ते बरं, आईला लिहिता येत नव्हतं. आमच्या चाळीतला एक गृहस्थ दुसऱ्या दिवशी मस्कतला निघाला होता, तो दुपारी दारात येऊन म्हणाला, काय द्यायचं असेल तर संध्याकाळपर्यंत द्या. घरात कोरी कॅसेट नाही. सोमवार, दुकानं बंद. खणात सुहासची ती कॅसेट होती. मी पहिली बाजू लावली, त्यावर गाणी. दुसरी लावली, तर नुसत्या खुर्च्या सरकतायत, कोणीतरी हॅलो हॅलो करतंय, कोणी खोकतंय. दोन-तीन मिनिटं ऐकलं. माझी बी.ए.ची परीक्षा होती, मला पुस्तकाकडे परत जायचं होतं. म्हटलं इथे काही नाही. पुढे ऐकलं नाही. चकती तोडलेली दिसत होती, तरी कागद फाडला, खळ लावली आणि चिकटवला. वर असंही वाटलं की चला, त्याला त्याची गाणीपण मिळतील.

आई बोलली, मधून बाबा बोलले, शेवटी मी परीक्षेचं सांगितलं. वीस-बावीस मिनिटं झाली असतील. आईने हात पुसून कॅसेट गृहस्थाला दिली.

सुहासचं पत्र आलं. आईचा आवाज स्पष्ट आला, बाबांना औषध आणा, मंदे, इतिहासाकडे लक्ष दे. बस. गाण्याबद्दल अक्षर नाही. दोन वर्षांनी तो सुट्टीवर आला तेव्हाही नाही. मला कळलं ते आणखी काही वर्षांनी, माझ्या लग्नात. विलास पंक्तीत सुहासला म्हणत होता, अरे त्या रविवारचं गाणं एकदा ऐकव ना यार. सुहास म्हणाला, हरवली ती कॅसेट, मस्कतला खोली बदलताना हरवली. मी वाढायला मागेच उभी होते. मस्कतला गेलेली कॅसेट एकच, मी पाठवलेली. त्याने माझ्याकडे बघितलं नाही.

त्यानंतर पस्तीसेक वर्षं तो हरवली म्हणाला आणि मी गप्प बसले. इकडे त्या गाण्याची कीर्ती वाढत गेली. आता त्या वेळच्या ऐकणाऱ्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, नाव गच्ची उघडी, विलासनेच काढलाय. कोणी लिहितो गाणं अठरा मिनिटांचं होतं, कोणी पंचवीस. कोणी म्हणतो त्यात बासरी होती. बासरी वाजवणारा कोणी नव्हताच. सुहास म्हणायचा, हॉलमध्ये चाळीस माणसं होती, त्यातली दहा पंख्याखाली झोपायला आलेली.

सुहास मागच्या वर्षी गेला. परत येऊन भांडुपलाच राहत होता. तेराव्यानंतर वहिनीने मला एक पत्र्याचा डबा दिला, म्हणाली हे तुमच्या घरचं दिसतंय. त्यात ती कॅसेट. माझ्याकडे वाजवायला यंत्र नव्हतं, आणि खरं सांगायचं तर हिंमतही नव्हती, म्हणून मी कव्हरही उघडलं नाही. महिनाभराने विलास आला, बरोबर ग्रुपवरचे तिघं, सगळे साठीच्या पुढचे. मुलुंडला सुहाससाठी कार्यक्रम करायचा होता. मी डबा पुढे ठेवला. कव्हरवर सुहासच्या अक्षरात लिहिलेलं, बाजू दोन, रविवार. विलासने ते वाचलं आणि चष्मा काढला. म्हणाला, मंदे, अगं ही होती तर!

मग मला सांगणं भाग होतं. म्हटलं, कॅसेट आहे, पण गाणं नाही, ते मी पुसलंय. कसं पुसलं ते सगळं सांगितलं. कोणी ओरडलं नाही. एक जण म्हणाला, चाळीस वर्षं आम्ही काय बोंबलत होतो मग. विलास घुश्शातच म्हणाला, लाव तरी. टेपरेकॉर्डर त्यानेच आणला होता.

आई बोलायला लागली, गावच्या मालवणीत. मशीन चालू आसा मा गो? झिला, मी आई बोलतंय. जेवतंस मा वेळेवर? हयसर आमी बरी आसव. बाबांचो खोकलो अजून गेलो नाय. काल दारार बांगडे इले तेव्हा तुझी आठवण इली. गणपतीक सुटी गावता काय बघ. मग खोकत बाबा. मग मी, एकोणीस वर्षांची, फार शिष्ट आवाज. चौघंही खाली बघून ऐकत होते. माझं बोलणं संपलं, खट् झालं. मी बंद करायला उठले आणि तेवढ्यात गिटार सुरू झाली.

आमचं बोलणं बाजूपेक्षा लहान होतं ना. त्यामुळे गाण्याचं शेपूट राहिलं होतं, जेमतेम दीड मिनिट. सुहास नुसता गुणगुणतोय, मग थांबला, थोड्या टाळ्या, आणि मागून एक मोठा आवाज, आता एखादं पिक्चरचं होऊ दे रे!

विलास लगेच म्हणाला, तो मी नव्हतो. त्याला कोणी विचारलंच नव्हतं. मग बाकीचे तिघं इतके हसले की एकाला पाणी द्यावं लागलं.

कॅसेट बाहेर काढली ती मी. पुस्तक हातात आलं तरी आधी कडा बघायची माझी सवय. दुसऱ्या बाजूचं भोक उघडं होतं. मी चिकटवलेला कागद नव्हता. गळून पडला म्हणावं तर खळीचा डाग तरी राहता, तोही नव्हता, पात्याने खरवडून काढलेला दिसत होता. म्हणजे मस्कतला त्याने ती ऐकली, आपलं गाणं गेलेलं ऐकलं, आणि मग तो कागद काढला, आईवर कोणी परत काही टेप करू नये म्हणून. मी ते विलासला दाखवलं. त्याने अंगठा फिरवून बघितला आणि म्हणाला, कार्यक्रमात सगळी बाजू लावायची, सुरुवातीपासून.

तशी लावली. मुलुंडचा छोटा हॉल, पाऊणशे माणसं आली. जेवतंस मा वेळेवर, असं आईने विचारलं तेव्हा मागून कोणी तरी म्हणालं, हो काकी. लोक हसले, मग सगळ्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. आता ग्रुपवर सकाळी कोणी ना कोणी विचारतो, बाबांचा खोकला कसा आहे. आधी मला ते आवडलं नव्हतं. आता मीही लिहिते, बरा आहे.

सुहासला वाईट वाटलं होतं का, ते आता कळायचं नाही. वाटलं असणार. मी एकदा विचारायला हवं होतं, त्याने एकदा बोलायला हवं होतं, आम्ही दोघंही बाबांवर गेलेलो. कॅसेट माझ्या कपाटात आहे, विलास दर महिन्याला मागतो, मी म्हणते माझ्यानंतर ने. तुम्ही लिहिलंत ते मला एकदा वाचून दाखवा. आणि विलासचं ते असू दे त्यात, गाळू नका. त्याला म्हणावं, पिक्चरचं गाणं मागितलंस म्हणून काही बिघडलं नाही, त्या शेपटात सुहासच्या जोडीला तुझाच आवाज उरलाय, सुखात राहा.